जिना चढताना कठडा, गाडीवर तीनशे किलोमीटर

सत्तरीच्या आसपासचे असे एक तरी गृहस्थ तुमच्या माहितीत असतील. जिना चढताना ते कठडा धरतात, पंगतीत बसायची वेळ आली की खुर्ची मागतात, भाजीची पिशवी दारात टेकवून घटकाभर दम खातात. तेच गृहस्थ पहाटे पाचला बुलेट बाहेर काढतात आणि दुपारच्या जेवणाला पुण्याहून बेळगावात पोहोचलेले असतात, तेही एकटे. घरचे चिडून विचारतात, ‘गुडघे साथ देत नाहीत म्हणता, मग हे कसं जमतं?’

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर अर्धं गाडीच्या रचनेत आहे आणि अर्धं म्हाताऱ्या शरीराच्या कामकाजात. पहिला अर्धा भाग धीर देणारा आहे. दुसऱ्याकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवं, कारण लांबच्या एकट्या प्रवासात वयस्क माणसाला अडचणीत आणणाऱ्या गोष्टी बहुधा तिथेच सुरू होतात आणि त्या घरच्यांच्या काळजीच्या यादीत सहसा नसतात.

धावती गाडी स्वतःला सांभाळते

तळहातावर काठी उभी धरायचा खेळ लहानपणी सगळ्यांनीच खेळलेला असतो. काठी डावीकडे कलली की तळहात चटकन डावीकडे न्यायचा, म्हणजे आधार पुन्हा तिच्या वजनाखाली येतो आणि काठी सावरते. त्याला ताकद लागत नाही, आधार वेळेवर सरकवावा लागतो एवढंच. चालती मोटरसायकल हेच करते, आणि बरंचसं आपलं आपण करते. गाडी डावीकडे झुकली की पुढचं चाकही डावीकडे वळतं. पुढचा फोर्क तिरपा बसवलेला असतो. त्याची रेघ खाली वाढवली तर ती चाक रस्त्याला टेकतं त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. या मांडणीमुळे आणि फिरत्या चाकाच्या गतीमुळे चाक कललेल्या बाजूला वळतं आणि गाडीचा आधार पुन्हा वजनाखाली येतो. वेग जितका जास्त, तितकी ही सावरण्याची क्रिया सफाईदार.

वळण घेतानाही तेच. चाळीस-पन्नासच्या पुढे डावीकडे वळायचं तर डाव्या हँडलवर पुढच्या दिशेने किंचित दाब पुरतो. गाडी डावीकडे झुकते आणि वळते. वर्षानुवर्षं गाडी चालवणारा माणूस हे नकळत करत असतो, आणि अशी मुरलेली हाताची सवय म्हातारपणी सहसा पुसली जात नाही. जिन्यात पायांना सगळ्या शरीराचं वजन वर उचलावं लागतं. हायवेवर वजन उचलायचं काम इंजिनाकडे आणि तोल सांभाळायचं काम बहुतांशी वेगाकडे असतं. गुडघ्यांचा संबंध गिअर आणि मागच्या ब्रेकपुरताच उरतो.

ब्रिटिश पत्रकार टेड सायमन 1973 मध्ये पाचशे सीसीच्या ट्रायम्फवर जगप्रदक्षिणेला निघाला तेव्हा बेचाळिशीत होता. चार वर्षांच्या त्या प्रवासात तो भारतातूनही गेला. त्यावरचं त्याचं ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ हे पुस्तक दूरचा प्रवास करणाऱ्या मोटरसायकलवाल्यांमध्ये आजही वाचलं जातं. हाच सायमन 2001 मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, जवळपास त्याच वाटेने पुन्हा एकटा निघाला आणि पुन्हा जग फिरून आला. गाडी धावत असताना वय फारसं आड येत नाही, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

थांबताना हिशेब उलटतो

वेग दहा-पंधराच्या खाली आला की गाडीचं स्वतःला सावरणं संपतं आणि सगळा भार माणसावर येतो. म्हणून वयस्कांच्या गाड्या हायवेवर पडण्यापेक्षा ढाब्यासमोरच्या खडीवर, पेट्रोल पंपाच्या उतारावर, यू-टर्न घेताना पडतात.

इथे थोडं गणित करून पाहू. साडेतीनशे सीसीच्या बुलेटचं वजन साधारण 195 किलो. या वजनाचा मध्य जमिनीपासून अंदाजे अर्धा मीटर आणि हँडल एक मीटर उंचीवर धरू. गाडी सरळ उभी असेल तर तिला धरून ठेवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही. ती पाच अंश कलली की हँडलपाशी आठ-नऊ किलोचा जोर लावावा लागतो. वीस अंश कलली की तोच जोर तेहतीस किलोच्या घरात जातो, आणि सामान, भरलेली टाकी वगैरे वेगळंच. म्हणजे सावरायचं असेल तर पहिल्या पाच-सात अंशांतच, क्षणार्धात.

नेमकं हेच वयाबरोबर अवघड होत जातं. आपल्या स्नायूंत सावकाश पण टिकून काम करणारे तंतू असतात आणि झटक्यात जोर लावणारेही. साठीनंतर स्नायू झिजतात ते मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे. त्यामुळे आठ तास गाडीवर बसायची चिकाटी शाबूत राहते, पण पाय निसटला तर अर्ध्या सेकंदात दुसरा पाय रोवायची चपळाई राहत नाही. तळपायांकडून येणारी जमिनीची जाणीवही बोथट होते, मधुमेह असेल तर जास्तच.

यावर उपाय सोपा आहे, फक्त मनाला पटवून घ्यावा लागतो: गाडी हलकी घ्यावी. हिरो स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची गाडी 112 किलोच्या आसपास असते. सायमन गँडॉल्फी हा ब्रिटिश कादंबरीकार सत्तरी ओलांडल्यावर मेक्सिकोहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे निघाला तो होंडाच्या 125 सीसी गाडीवर. बसल्या जागी दोन्ही टाचा जमिनीला टेकाव्यात, जड सामान खाली दोन्ही बाजूंच्या बॅगांत असावं आणि सीटमागे उंच ढीग नसावा, कारण त्यावरून पाय टाकताना कंबर दगा देते. उतारावर गाडी लावताना तोंड चढाकडे ठेवावं, म्हणजे निघताना ती मागे ओढावी लागत नाही. आणि गाडी पडलीच तर एकट्याने उचलायला जाऊ नये. आपल्याकडच्या रस्त्यांवर पाच मिनिटांत चार हात मिळतात.

तहान उशिरा लागते

आता दुसरा अर्धा भाग. तरुण शरीर काही बिघडायला लागलं की लगेच कळवतं: घसा कोरडा पडतो, पोटात खड्डा पडतो, डोळे जड होतात. म्हातारं शरीर हेच उशिरा आणि दबक्या आवाजात कळवतं. त्यातलं सर्वांत फसवं उदाहरण तहानेचं.

1984 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. 67 ते 75 वर्षांच्या निरोगी, हिंडत्या-फिरत्या पुरुषांना आणि विशीतल्या तरुणांना चोवीस तास पाण्याशिवाय ठेवलं. नंतर पाणी समोर आलं तेव्हा तरुणांनी भरपूर प्यायलं. वयस्कांच्या रक्तात पाण्याची कमतरता स्पष्ट दिसत होती, तरी त्यांना तहान कमी लागली आणि पाणीही ते कमीच प्याले. मेंदूतलं तहानेचं केंद्र उशिरा जागं होतं ते असं.

दुसऱ्या बाजूने मूत्रपिंडाचं कामही बदललेलं असतं. पाणी कमी पडलं की तरुण मूत्रपिंड लघवी घट्ट करून पाणी वाचवतं. वयस्क मूत्रपिंडाला ते तितकं जमत नाही. त्यामुळे ‘लघवी पिवळी झाली की पाणी प्या’ हा सगळ्यांना माहीत असलेला नियमही साठीनंतर तितकासा भरवशाचा राहत नाही. रंग बरा दिसतो आणि शरीर आतून कोरडं पडलेलं असतं.

त्यात मोटरसायकलवरचा वारा. आपल्या त्वचेचं तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा उष्णता काढून नेतो. मे महिन्यात विदर्भात किंवा राजस्थानात पारा त्रेचाळीसवर असतो तेव्हा तोच वारा शरीराला उष्णता देतो, आणि गारवा फक्त घाम वाळण्यातून मिळतो. हा घाम वाऱ्याने इतक्या झपाट्याने वाळतो की अंग ओलं झाल्याचं जाणवतही नाही. वयाबरोबर घामग्रंथीही मंदावलेल्या असतात. म्हणून अशा उन्हात जॅकेटची चेन उघडून वारा घेणं बरं वाटलं तरी घातक. आत ओला सुती बनियन आणि वर बंद जॅकेट हे पुष्कळ बरं.

आणि एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. पेट्रोल पंपावर टाकी भरून झालेली असते, पोऱ्या पाण्याची बाटली पुढे करतो आणि काका हात हलवतात, ‘नको, परत थांबायला लागतं.’ प्रोस्टेट वाढलेल्या माणसाचा हा हिशेब समजण्यासारखा आहे. दर तासाला आडोसा शोधायचा, जड हातमोजे काढायचे, ताटकळायचं, याचा कंटाळा येतो. बायकांची अडचण तर आणखी मोठी, कारण स्वच्छ स्वच्छतागृह सापडेपर्यंत थांबण्यातच त्यांचा निम्मा प्रवास जातो. पण हा हिशेब उलटा फिरतो. पाण्याच्या थोड्याशा कमतरतेनेही आधी जाते ती एकाग्रता. पुढचा ट्रक वळणार आहे हे दिसतं, पण हात ब्रेककडे जायला वेळ लागतो.

म्हणून साठीनंतर पाणी तहानेवर सोडू नये, घड्याळाकडे द्यावं. तासाला एकदा थांबून एक ग्लास, उन्हाळ्यात मधूनमधून ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. तसंही तासातासाला थांबल्याने मांड्या-पोटऱ्यांत साचलेलं रक्त हलतं आणि बधिर झालेली बोटं मोकळी होतात.

उतरल्यावर डोळ्यांपुढे अंधारी

दोन-अडीच तास सलग गाडी मारून माणूस ढाब्याशी थांबतो, पाय टाकून खाली उतरतो, हेल्मेट काढतो आणि अचानक डोळ्यांपुढे काजवे चमकतात. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं. एरवी शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळून आणि ठोके वाढवून मेंदूचा पुरवठा राखतं. वय वाढतं तसं हे सावरणं मंदावतं. उन्हाने रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, अंगात पाणी कमी असतं, आणि त्यावर औषधं.

बीपीच्या अनेक गोळ्या लघवी वाढवून काम करतात. प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं टॅमसुलोसिन रक्तवाहिन्याही थोड्या ढिल्या करतं. दोन्ही गोळ्या सकाळी घेऊन, एक चहा पिऊन निघालेला माणूस अकरा वाजता उन्हात गाडीवरून उतरतो तेव्हा त्याला भोवळ येणं हे वयापेक्षा त्या दिवसाच्या वेळापत्रकाचं काम असतं. गोळ्यांच्या वेळा बदलता येतात का हे निघण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना विचारावं, मनाने बदलू नयेत. उतरण्याआधी इंजिन बंद करून, दोन्ही पाय टेकून मिनिटभर बसावं, पोटऱ्या आवळून सोडाव्यात आणि मगच पाय टाकावा.

मधुमेह्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर खाली येते. त्याचे इशारे म्हणजे हात थरथरणं, धडधड आणि घाम. आता हे गाडीवर बसवून पाहा. थरथर इंजिनाच्या कंपनात मिसळते. घाम उन्हाचा वाटतो. धडधड व्हायला हवी, तर हृदयासाठी चालू असलेली मेटोप्रोलॉलसारखी गोळी तीच दाबून टाकते. म्हणजे तिन्ही इशारे गेले आणि उरली फक्त चिडचिड आणि गोंधळ, जी एकट्या माणसाला स्वतःची स्वतःला ओळखता येत नाही. ‘चांगलं हॉटेल अजून चाळीस किलोमीटरवर आहे’ हा विचार अशा माणसाने करू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोज, आणि जेवण ठरल्या वेळी, जिथे असू तिथे.

सर्दीची साधी गोळीही सांभाळून घ्यावी. त्यातलं क्लोरफेनिरामिन वयस्कांच्या डोळ्यांवर दिवसभर झापड आणू शकतं. साठच्या वेगाने तीन सेकंदांची डुलकी म्हणजे डोळे मिटून पन्नास मीटर.

चौकट: लायसन्स आणि वय

मोटरसायकल चालवायला आपल्या कायद्यात वयाची वरची मर्यादा नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान लायसन्स काढलं किंवा नूतनीकरण केलं तर ते साठीपर्यंत चालतं. पंचावन्नच्या पुढे दर वेळी पाच वर्षांसाठी मिळतं. चाळिशीनंतर नमुना 1-ए मध्ये डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, तेव्हा मार्ग जुन्या हायवेने आखावा.

दुपारी चारला मुक्काम

विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोहोचतो. बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळसर, गढूळ होत जातं. भर दिवसा हे जाणवत नाही, कारण प्रकाश मुबलक असतो. संध्याकाळी साडेसहाला मात्र रस्त्याच्या कडेची म्हैस, दिवा नसलेली ट्रॉली, खड्ड्याची कड हे सगळं एकदम पार्श्वभूमीत विरून जातं. समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्याने डोळे दिपले तर पुन्हा नीट दिसायलाही तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर त्या दिव्याभोवती तेजाचं वलय पसरतं आणि आतलं काहीच दिसत नाही.

या उणिवेचीही जाणीव होत नाही. मेंदू ओळखीच्या रस्त्याचं चित्र स्वतःच पुरं करतो आणि आपल्याला वाटतं, दिसतंय की. म्हणून इथेही घड्याळच. उजाडताना निघावं आणि चारपर्यंत मुक्कामी पोहोचावं. वयाबरोबर पहाटे लवकर जाग येते, तिचा हा उत्तम उपयोग. प्रोग्रेसिव्ह चष्मा असलेल्यांनी प्रवासासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा, कारण खालच्या जवळच्या भागातून पायाखालची जमीन पुसट दिसते आणि पाय नेमका तिथेच टेकायचा असतो.

प्रतिसादाचा वेळही वाढतो, पण त्याची भरपाई अंतराने करता येते. ऐंशीच्या वेगाने अर्धा सेकंद उशीर म्हणजे अकरा मीटर. पुढच्या गाडीपासून तेवढं अंतर जास्त ठेवलं की हिशेब बरोबर. अनुभवी माणूस धोका आधी ओळखतो ही त्याची जमेची बाजू. गर्दीच्या चौकात एकाच वेळी चार दिशांना पाहून निर्णय घ्यायचा असतो, तिथे मात्र वय जास्त जाणवतं. मानही पूर्वीइतकी मागे वळत नाही, तेव्हा आरसे मोठे लावावेत.

लेहकडे जाताना

लडाखचं स्वप्न अनेक जण निवृत्तीपर्यंत जपून ठेवतात. त्यांना एक चांगली बातमी: उंचीवर होणारा त्रास केवळ वय जास्त आहे म्हणून वाढत नाही. तो अवलंबून असतो तो किती झपाट्याने वर गेलो यावर, आणि घाई तरुणच जास्त करतात. वयाबरोबर येणारे हृदयाचे आणि फुप्फुसांचे आजार मात्र उंचीवर उघडे पडतात, म्हणून निघण्याआधी तपासणी हवीच.

लेह 3500 मीटरवर आहे, खारदुंग ला सुमारे 5360 मीटरवर. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास प्राणवायू मिळतो. शरीराला जुळवून घ्यायला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या झोपेची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहकांचा नियम वयस्क मोटरसायकलवाल्याने कसोशीने पाळावा. श्रीनगर–कारगिल वाट त्यासाठी बरी, कारण ती टप्प्याटप्प्याने वर नेते. मनालीहून निघून दुसऱ्या मुक्कामालाच सर्चूला, म्हणजे 4290 मीटरवर झोपणं ही नेहमीची चूक. अटल बोगद्यामुळे रोहतांगची चढण टळते, पण तोच सोपेपणा माणसाला लवकर उंचावर नेऊन सोडतो. केलाँग किंवा जिस्पाला एक जास्तीची रात्र काढावी. उंचीसाठी डायमॉक्स घ्यायचं असेल तर ते लघवी वाढवतं हे लक्षात ठेवून, चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवूनच घ्यावं. रात्री झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा दारू घेऊ नये. दोन्हींनी झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

मागे कोणी नसताना

डबलसीट बसलेला माणूस एक मोठं काम न सांगता करत असतो. ‘काका, गाडी जरा हलतेय’, ‘तुम्ही आज फार गप्प आहात’ हे तो बोलून दाखवतो. एकट्याला हे सांगणारं कोणी नाही, म्हणून ती सोय आधी करून ठेवावी लागते. दर दोन थांब्यांनी घरच्या एका ठरलेल्या माणसाला फोन करावा, निरोप टाकून भागवू नये. बोलताना जीभ जड होणं, वाक्य अर्धवट सुटणं हे ऐकणाऱ्याला कळतं. लडाखात आणि काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड न्यावं. हेल्मेटला चिकटवलेल्या कागदावर आणि पाकिटात औषधांची नावं, रक्तगट आणि घरचा नंबर असावा. 112 देशभर चालतो, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108, राष्ट्रीय महामार्गावर 1033.

पडल्यानंतरच्या एका गोष्टीबद्दल मात्र घरच्यांनाही सांगून ठेवावं. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. डोकं हेल्मेटमध्ये असूनही जोरात हललं तर त्यातली एखादी शीर फुटून रक्त थेंबाथेंबाने साचू शकतं. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर शक्यता वाढते. त्या दिवशी माणूस हसत उठतो, गाडी झटकतो, चहा पितो आणि घरीही पोहोचतो. दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागतं, चालताना तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं आणि सगळे म्हणतात, वय झालं. अशा वेळी डॉक्टरांना आधी पडल्याची तारीख आणि चालू गोळी सांगावी, आणि स्कॅन करायचा का हे विचारावं. वेळेवर लक्षात आलं तर साचलेलं रक्त शस्त्रक्रियेने काढता येतं.